राष्ट्रप्रमुख गावात येणार असतील तर: दिल्लीच्या कागदापासून काळ्या मातीतल्या हेलिपॅडपर्यंत

जिल्हाधिकारी कार्यालयातून पहिला फोन येतो तेव्हा त्यात देशाचं नाव नसतं. "एक अतिमहत्त्वाचा दौरा आहे, गावाजवळ सपाट, मोकळी जागा कुठे आहे ते उद्या दुपारपर्यंत कळवा," एवढंच सांगतात. विचारायचं नाही. विचारलं तरी समोरच्यालाही बहुधा माहीत नसतं.

मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ वर्धा जिल्ह्यात गेला. सेवाग्राम-पवनारमुळे मोठ्या पाहुण्यांची ये-जा इथे बाकी विदर्भापेक्षा जरा जास्तच. जानेवारी १९३८ मध्ये ब्रिटिश राजकारणी लॉर्ड लोथियन इथे येऊन राहून गेले, तेव्हा सेवाग्रामचं नाव अजून सेगावच होतं. माझ्या काळात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल यांच्या दौऱ्यांत मी खुर्च्या मोजण्यापासून पंचनाम्यापर्यंत सगळं केलं. परदेशी राष्ट्रप्रमुखाची तयारी मात्र एकदाच वाट्याला आली आणि तो दौरा दोन दिवस आधी रद्द झाला. तयारी तोवर पुरी झाली होती, म्हणून सांगण्यासारखं बरंच आहे. तलाठी, ग्रामसेवक (यांना आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, गावात अजून कोणी म्हणत नाही), सरपंच आणि मुख्याध्यापक यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

वरचा कागद कसा हलतो

आधी पाहुणा कोण ते नीट समजून घ्या. राष्ट्रप्रमुख वेगळा, शासनप्रमुख वेगळा. आपल्याकडे राष्ट्रपती आणि पंतप्रधान अशी ही विभागणी आहे. अमेरिकेत किंवा इंडोनेशियात राष्ट्राध्यक्षच दोन्ही असतात. भूतानमध्ये राजा राष्ट्रप्रमुख, कारभार पंतप्रधानाकडे. जर्मनीत तर अध्यक्ष राष्ट्रप्रमुख असतात, पण पेपरात आपण नाव वाचतो ते चान्सलरचं. राष्ट्रप्रमुखाला आपल्या राष्ट्रपतींचं निमंत्रण जातं आणि २१ तोफांची सलामी मिळते, शासनप्रमुखाला १९. गावात तोफा नसतात, पण फलकावर 'राजे' लिहायचं की 'राष्ट्राध्यक्ष' की 'पंतप्रधान', हे चुकलं तर फोटोत कायमचं राहतं.

दुसरा गोंधळ 'मित्रराष्ट्र' या शब्दाचा. भूतानशी आपला १९४९ चा मैत्री करार आहे, २००७ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. सोव्हिएत युनियनशी ९ ऑगस्ट १९७१ ला झाला. हल्ली सरकारी कागदावर बहुतेक 'धोरणात्मक भागीदारी' असं असतं. तशी पहिली भागीदारी १९९८ मध्ये फ्रान्सशी झाली. आमच्या एका उत्साही गुरुजींनी स्वागत फलकासाठी 'आमच्या जिवलग दोस्ताचे स्वागत' असा मजकूर दिला होता. मनापासून दिला होता, पण चालला नाही. दोन देशांतल्या नात्याला कोणतं विशेषण लावायचं हे दिल्लीतले लोक महिनोन्‌महिने ठरवत असतात, ते आपण चुन्याच्या भिंतीवर ठरवायचं नाही. फलकावर फक्त पद, नाव आणि 'हार्दिक स्वागत'. तो मजकूरसुद्धा निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांकडून मंजूर होऊन आला की मगच पेंटरला बोलवा.

दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचे दोन हात काम करतात. त्या देशाचं काम बघणारा प्रादेशिक विभाग चर्चेचे मुद्दे, सामंजस्य करार आणि संयुक्त निवेदन यांच्या मसुद्यांत बुडालेला असतो. शिष्टाचार विभाग विमानतळापासून जेवणाच्या टेबलापर्यंत बघतो. त्याचा प्रमुख म्हणजे चीफ ऑफ प्रोटोकॉल. पाहुण्याचा दिल्लीतला दूतावास आणि त्यांच्या राजधानीतला आपला दूतावास या दोघांशी तो सतत बोलत असतो. राजधानीतला दिवस ठरलेल्या साच्याचा: राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात स्वागत, राजघाट, हैदराबाद हाउसमध्ये शिष्टमंडळांची चर्चा, रात्री राष्ट्रपतींची मेजवानी. या साच्याला पाहुण्याच्या आवडीने किंवा यजमानाच्या हौसेने एक खेडं जोडलं जातं. मार्च २००० मध्ये बिल क्लिंटन जयपूरजवळच्या नायला गावात गेले, बायकांनी त्यांच्यावर फुलांच्या पाकळ्या उधळल्या आणि ते त्यांच्याबरोबर नाचले. त्या दौऱ्यातलं काय लक्षात आहे विचारलं तर आमच्या वयाची माणसं अजून तो नाच सांगतात.

तिथून कागद राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाच्या राजशिष्टाचार शाखेकडे, मग जिल्हाधिकारी, निवासी उपजिल्हाधिकारी, तहसीलदार आणि शेवटी तुम्ही. वर एक शब्द बदलला की खाली अख्खा मंडप हलतो. म्हणून पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही घ्या. कोणी, किती वाजता, काय सांगितलं ते प्रत्येक वेळी लिहा आणि संध्याकाळी त्यावर तहसीलदारांची सही घ्या. तोंडी सूचना देणारे पुढे ओळख देत नाहीत.

घड्याळ घेऊन बसा

सगळ्या तयारीचा कणा म्हणजे एक कागद: मिनिट-टू-मिनिट कार्यक्रम. बाकी सगळी कामं त्याच्यातून निघतात. माणसं चूक अशी करतात की आधी मंडप, कमान, जेवण, भाषणं ठरवतात आणि मग ते सगळं मिनिटांत कोंबतात. उलट करा. मिनिटं आधी मागून घ्या.

आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली होती. कार्यक्रम साधा: सूतकताई केंद्राच्या जुन्या मातीच्या घरात जायचं, चरखे बघायचे, बायकांशी बोलायचं, निघायचं. कागदावर भरपूर वेळ वाटला. मग आमच्या तहसीलदारांनी एका कारकुनाला 'पाहुणा' केलं, मला दुभाषी आणि हातात घड्याळ घेऊन स्वतः चालले.

हेलिकॉप्टर टेकलं तरी पंखे थांबेपर्यंत दार उघडत नाही. तिथे चार मिनिटं गेली. स्वागताच्या रांगेत दहा जण उभे होते. प्रत्येकाचं नाव सांगायचं, दुभाष्याने ते उलटून सांगायचं, हात मिळवायचा. वीस सेकंद सहज, म्हणजे साडेतीन मिनिटं. गाडीत बसून केंद्रापर्यंत पाच. आणि मग दारात आमचा कारकून थांबला, वाकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. सगळे गप्प. नाडीचे बूट काढायला त्याला दीड मिनिट लागलं, परत घालायला दोन. तेसुद्धा भिंतीला धरून, एका पायावर, डुगडुगत. परदेशी राष्ट्रप्रमुखाचा तसा फोटो जगभर गेला असता.

त्या साडेतीन मिनिटांतून तीन कामं निघाली. पहिलं, दूतावासाला आधी कळवायचं की इथे पादत्राणं काढावी लागतात. पाहुण्याला चालत नसेल तर कापडी आवरण चालेल का, हे केंद्राच्या बायकांना विचारायचं. त्यांचं उत्तर, "घर तं आमचं हाये न साहेब, पाव्हण्यानं काढले त बरं, नाही काढले त आम्ही पुसून घेऊ." दुसरं, दाराशी हात असलेली एक बेताच्या उंचीची खुर्ची आणि लांब दांड्याचा शूहॉर्न ठेवायचा, पण कॅमेऱ्यांची जागा दुसऱ्या बाजूला घ्यायची. तिसरं मला सुचलंच नसतं, ते केंद्रातल्या एका आजींनी सांगितलं: जमीन शेणाने सारवायची तर आदल्या दिवशी दुपारी सारवा. सकाळी सारवली तर ओल राहते आणि पाहुण्याचे मोजे हिरवे होतात.

दरवाजा बुटका होता. जुन्या घरांचे असतातच. पाहुणा सहा फुटी निघाला तर? चौकटीच्या वरच्या कडेला मातीच्याच रंगाच्या खादीत कापूस भरून पट्टी बसवली. दिसत नव्हती. ती अजून तिथेच आहे आणि आता गावातल्या उंच पोरांच्या कामी येते.

सगळं धरून चाळीस मिनिटांतली बावीसच आत उरली. त्यात आमदार, खासदार, अध्यक्ष, उपाध्यक्ष अशा सहा जणांची भाषणं ठरवून ठेवलेली होती. भाषणं काढली, सगळी. माझं मत विचाराल तर गावभेटीत भाषण नसावंच. पाहुणा दिल्लीत पोटभर ऐकून आलेला असतो.

रांगेत कोण उभं राहणार

इथे भांडणं होतात, म्हणून हे लवकर मिटवा. केंद्र सरकारचा अग्रक्रम तक्ता आहे: राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, मग आपापल्या राज्यात राज्यपाल आणि तसं खाली. त्या तक्त्यात सरपंचाचं नाव कुठेही नाही. पण गाव सरपंचाचं आहे, पाहुणा त्यांच्या दारात येतो आहे. त्यामुळे हेलिपॅडवर तक्त्याप्रमाणे आणि गावाच्या वेशीवर किंवा केंद्राच्या दारात सरपंच पहिले, अशी मांडणी आम्ही सुचवली आणि ती मान्य झाली.

पास सरपंचाच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोने काढा. ५० टक्के आरक्षणामुळे आपल्याकडे पुष्कळ सरपंच बाया आहेत, आणि अशा दिवशी 'सरपंचपती' पांढरा शर्ट इस्त्री करून रांगेत हजर असतात. त्यांना थांबवायचं काम पासवरच्या फोटोने केलं तर गावात वाईटपणा येत नाही. पोलीस थांबवतात, तुम्ही नाही.

मुरूम, पऱ्हाटी आणि आग्यामोहोळ

नागपूर विमानतळावरून वर्ध्याकडे रस्ता साधारण ७५ किलोमीटर, पण असे पाहुणे बहुतेक हेलिकॉप्टरने येतात. अशा दौऱ्यांत हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं असतात आणि ती एकटी येत नाहीत. सहसा तीन हेलिपॅड लागतात. लांबी, रुंदी, उतार, अडथळ्यांचं अंतर हे सगळं लेखी येतं. ते काम सार्वजनिक बांधकाम विभागाचं. तुम्ही त्यात शहाणपण करू नका. तुमचं काम जागा निवडताना खरं बोलण्याचं आहे.

आपली जमीन काळी कसदार. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात बूट उपसून काढावा लागतो. अवकाळी एक सर पडली तरी चाकं रुतणार. म्हणून मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून थर बसवावा लागतो आणि त्याला दिवस लागतात. गावात पडीक किंवा ई-क्लास (सरकारी गायरान) जमीन मुरमाड असेल तर तीच आधी दाखवा, दूर असली तरी चालेल. शेत घ्यावंच लागलं तर उभ्या पिकाचा पंचनामा मुरूम पडायच्या आधी करा, शेतकऱ्याच्या सहीने आणि फोटोसह. मुरूम पडल्यावर तिथे कापूस होता की तूर, हे सिद्ध करत बसण्यात शेतकऱ्याचं वर्ष जातं.

दौरे हिवाळ्यात येतात, म्हणजे नेमके वेचणीच्या दिवसांत. हेलिकॉप्टरचा वारा किती दूरवर काय उडवतो हे पाहिल्याशिवाय पटत नाही. एका जुन्या दौऱ्यात आम्ही शेजारच्या वावरातली उपटलेली पऱ्हाटी (कापसाची झाडं) ढीग करून ठेवली, 'व्यवस्थित'. चाचणीचं हेलिकॉप्टर उतरलं आणि तो ढीग उठून थेट स्वागताच्या रांगेवर आला. काड्या, पाचोळा, कापसाचे पुंजके. पोलीस अधीक्षकांच्या टोपीवर सरकी चिकटली होती आणि हसायची कोणाची हिंमत नव्हती. तेव्हा हेलिपॅडच्या आजूबाजूचं वावर झाडूनच घ्यायचं, टिनाची पत्रं उतरवून ठेवायची, गोठ्यावरची ताडपत्री बांधायची. मंडप हेलिपॅडपासून लांब. धूळ बसायला सकाळी पाणी मारा, पण चिखल होईल इतकं नाही; टँकरवाल्याला सांगितलं नाही तर तो टाकी रिकामी करूनच जातो.

आणि वर बघा. पाण्याची टाकी, पिंपळ, शाळेचा सज्जा, जुना वाडा. आग्यामोहोळ असलं तर आवाजाने, वाऱ्याने उठतं. ते काढायचं तर जाणकार माणसाकडून, रात्री, चार-पाच दिवस आधी. सकाळी धूर करणाऱ्याला मी स्वतः हाकलून लावलं होतं.

ढगाळ हवा असली तर हेलिकॉप्टर उडत नाही आणि पाहुणा रस्त्याने येतो. त्यामुळे रस्त्याचा पर्याय पहिल्या दिवसापासून जिवंत ठेवा: समृद्धी महामार्गाने किती वेळ, शेवटच्या गावरस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर निघतात का, पुलावर कठडा आहे का. मिनिट-टू-मिनिटचा दुसरा कागद या पर्यायाचा करून ठेवायचा.

झेंडे

झेंड्याची चूक सर्वांत लवकर होते आणि सर्वांत उशिरा विसरली जाते. भारतीय ध्वजसंहिता, २००२ मधले या कामापुरते नियम सांगतो. आपला ध्वज परदेशी ध्वजाबरोबर रांगेत असेल तर तो सर्वांत उजवीकडे. उजवीकडे म्हणजे रांगेच्या मध्ये लोकांकडे तोंड करून उभं राहिलेल्या माणसाच्या उजव्या हाताला. समोर बसलेल्या लोकांना तो डावीकडे दिसतो. मंडपवाले हमखास इथे उलटं करतात, कारण ते समोरून बघून लावतात. दोन्ही ध्वज सारख्या आकाराचे, वेगवेगळ्या काठ्यांवर, सारख्या उंचीवर. शासनाने दिलेल्या गाडीत परदेशी पाहुणा असेल तर गाडीच्या उजव्या बाजूला आपला, डाव्या बाजूला त्यांचा.

त्यांचा ध्वज बाजारातून शिवून घेऊ नका, शिष्टाचार शाखेतून मागवा. इंडोनेशियाचा वर लाल, खाली पांढरा. पोलंडचा नेमका उलटा. आयर्लंडचा काठीकडे हिरवा, आयव्हरी कोस्टचा काठीकडे केशरी, रंग तेच. फिलिपिन्सचा ध्वज लाल पट्टा वर करून लावला तर त्याचा अर्थ देश युद्धात आहे असा होतो, आणि २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या बैठकीत अमेरिकेकडून तो तसाच लागला होता. तिथे चुकतं तर आपल्याकडेही चुकू शकतं. म्हणून आलेल्या ध्वजाच्या वरच्या कडेला आतून बारीक दोऱ्याची खूण करून आणा, म्हणजे पहाटे अंधारात लावणाऱ्याला बोटाने कळेल.

रांगोळीत ध्वज काढू द्यायचा नाही. आपला नाही, त्यांचाही नाही. मुली फार सुंदर काढतात आणि मग त्यावरून ताफा जातो. आम्ही रांगोळीत कापसाचं बोंड काढायला सांगितलं, ते छान दिसलं.

नाव, भाषा, दुभाषी

पाहुण्याचं नाव नीट उच्चारता आलं तर अर्धं स्वागत झालं. दूतावासाकडून नावाच्या उच्चाराची ध्वनिफीत मागा, मोबाइलवर देतात. ती ऐकून नाव देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहा आणि सूत्रसंचालकाकडून शंभरदा म्हणवून घ्या. प्रत्येकाला आपल्यासारखं आडनाव असतं असं समजू नका. १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे सुकार्णो, त्यांचं नावच एका शब्दाचं. चिनी नावात घराण्याचं नाव आधी येतं. व्हिएतनामी माणसाला नावातल्या शेवटच्या शब्दाने हाक मारतात. 'महामहिम' हा शब्द आपल्या राष्ट्रपतींसाठी २०१२ पासून देशातल्या कार्यक्रमांत वापरत नाहीत, पण परदेशी पाहुण्यासाठी तो चालतो. राजा असेल तर संबोधन आणखी वेगळं. लेखी विचारून घ्या.

देशाचं नावही पुन्हा तपासा. रोनाल्ड रेगन १९८२ मध्ये ब्राझीलच्या मेजवानीत उभे राहिले आणि त्यांनी बोलिव्हियाच्या जनतेला शुभेच्छा दिल्या. आणि कागद हातात देताना तो योग्य माणसाचा आहे ना ते बघा: २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आपल्याच परराष्ट्रमंत्र्यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांचं भाषण काही मिनिटं वाचलं होतं.

दुभाष्याची अडचण आपल्याकडे दुहेरी आहे. दिल्लीहून येणाऱ्याला हिंदी येतं, वऱ्हाडी येत नाही. तालमीत केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, "पराटी उलंगली का मंग आमाले कताईले टाइम भेटते." तालमीसाठी आलेल्या हिंदी जाणणाऱ्या अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. 'उलंगणे' म्हणजे हंगाम संपून वेचणी आटोपणे, हे त्याला कुठून कळणार? त्यामुळे मध्ये आपला एक माणूस लागतो, वऱ्हाडीतून साध्या हिंदीत सांगणारा. कॉलेजात शिकणारी गावातली मुलगी यासाठी सर्वांत उत्तम. शिक्षक नको, ते वाक्य सुधारून सांगतात. बायकांना मात्र प्रमाण मराठी पाठ करायला लावू नका. आम्ही सुरुवातीला तो प्रयत्न केला आणि चांगल्या बोलणाऱ्या बायका लाकडासारख्या उभ्या राहिल्या. १९७७ च्या डिसेंबरात कार्टर पोलंडला गेले तेव्हा दुभाष्याने त्यांच्या साध्या वाक्याचा अर्थ त्यांना पोलिश लोकांबद्दल वासना आहे असा केला. तोही शिकलेला दुभाषी होता. तेव्हा वाक्यं लहान, एका वेळी एक, आणि म्हणी टाळायच्या.

हार, ताट, भेट

औक्षण करायचं असेल तर आधी विचारा. कुंकू पाहुण्याच्या धर्मात चालतं का, हा दूतावासाचा प्रश्न आणि चेहऱ्याजवळ निरांजन न्यायचं का, हा सुरक्षेचा. शाल-श्रीफळातलं श्रीफळ आम्हाला गाळायला लावलं, हातात नारळ द्यायचा नाही म्हणून. वर्ध्याकडे सूतमाळेचा रिवाज आहे; ती हलकी, तपासायला सोपी आणि फुलांसारखी सुकतही नाही. पाहुण्याने गळ्यात न घालता हातात घेतली तर आग्रह करायचा नाही.

जेवण नकोच म्हणतात बहुतेक वेळा. पाणी आणि चहासुद्धा त्यांची माणसं बरोबर आणतात. तरी काही ठेवायचं असेल तर यादी आठवडाभर आधी जाते, अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी नमुना घेतो आणि स्वयंपाकघरात कोण जातं-येतं याची नोंद होते. आमच्याकडे पानगे-वांग्याची भाजी की संत्री यावर ग्रामसभेत दोन तास गेले. संत्री जिंकली, कारण सोलून बशीत ठेवता येतात आणि पाहुण्याने खाल्ली नाहीत तरी कोणाचा जीव दुखत नाही.

भेटवस्तू थेट हातात द्यायची नसते. ती आधी शिष्टाचार शाखेकडे जाते, तपासली जाते आणि मग प्रसंगी पाहुण्याला दाखवून लगेच त्यांच्या माणसाकडे सुपूर्द होते. बी-बियाणं, माती, फळं विमानतळावर अडतात. भंडाऱ्याचं टसर, गडचिरोली-चंद्रपूरचं बांबूकाम, खादी यांतलं काही लहान, न फुटणारं निवडा आणि ते कोणी केलं त्या कारागिराचं नाव कागदावर लिहून बरोबर द्या. पाहुण्याने तुमच्यापैकी कोणाला काही दिलं तर ते घरी न्यायचं नाही, कार्यालयात जमा करून पोच घ्यायची. सरकारी माणसाला परदेशातून मिळालेल्या भेटींचे नियम आहेत आणि दिल्लीत त्यासाठी तोशाखाना आहे.

निवेदनांचं काय? गाव म्हणणार, एवढा मोठा माणूस येतो तर कापसाच्या भावाचं सांगू. त्यांचं चुकत नाही. पण परदेशी पाहुण्याच्या हातात ते देता येत नाही आणि लपवून आणलेला कागद पोलिसांना वेगळाच दिसतो. आदल्या दिवशी तहसीलदारांनी चावडीत बसून सगळी निवेदनं घ्यावीत, आवक क्रमांक टाकून पोच द्यावी. हे न केल्याने झालेला गोंधळ मी पाहिला आहे.

सुरक्षा

याबद्दल थोडंच लिहितो. बरंचसं लिहिण्यासारखं नसतं. त्यांचं अग्रिम पथक येतं, आपल्या यंत्रणा येतात, संयुक्त पाहणी होते. तुम्हाला लागतात याद्या: वाटेवरची घरं, विहिरी, परवान्याची हत्यारं, आणि वेचणीला बाहेरून आलेले मजूर. मजुरांची ओळखपत्रं आधीच गोळा करा, नाहीतर त्या दिवशी त्यांची मजुरी बुडते. गायक्याला (गुराख्याला) सांगून गुरं सकाळी आठच्या आत दुसऱ्या वाटेने न्या. दवाखान्याची बाजू जिल्हा शल्यचिकित्सक बघतात. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ असणं ही आमची जमेची बाजू होती.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. ताफ्यात जॅमरची गाडी असते. ती जवळ आली की तुमचा मोबाइल मुका. नेमक्या त्याच क्षणी तुम्हाला जनरेटरवाल्याला सांगायचं असतं. म्हणून दोन कोतवाल आणि दोन धावणारी पोरं नेमून ठेवा, प्रत्येकाला पास काढून. महावितरणचा लाइनमन खांबापाशी, जनरेटर दोन, डिझेल डोळ्यांनी पाहिलेलं.

शाळेची मुलं रस्त्याच्या कडेला उभी करू नका. करावीच लागली तर सावली, पाणी, मुतारी आणि जास्तीत जास्त अर्धा तास. हे मी प्रत्येक बैठकीत बोललो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी हसलं.

रद्द झालं तर

निरोप आला तेव्हा आम्ही शेवटच्या तालमीत होतो. दिल्लीतली चर्चा लांबणार होती, गावाचा टप्पा गळला. कारण आम्हाला पेपरातून कळलं.

फोनवर 'रद्द' ऐकून खुंट्या काढू नका. लेखी येईपर्यंत सगळं जसंच्या तसं. दौरा परत जागा झाल्याचं मी पाहिलं आहे. लेखी आल्यावर सर्वांत आधी परदेशी ध्वज मोजून परत पाठवा आणि पास गोळा करा. मग सरपंच आणि केंद्रातल्या बायांकडे स्वतः जाऊन सांगा, कोतवालाकरवी नाही. आम्ही गेलो तेव्हा त्या आजी म्हणाल्या, "नाही आले त नाही आले, सारवण तं झालं." संत्री शाळेत वाटली.

मुरमाचं मात्र राहतं. तो वावरातून उचलून द्यायचा की शेतकऱ्याला ठेवायचा आहे, ते त्याच्याकडून लिहून घ्या. आमच्यापैकी एकाने खळ्यासाठी ठेवला, दुसऱ्याला नको होता आणि तो उचलायला पावसाळा उजाडला. पिकाची भरपाई पहिल्या पंचनाम्यावरून मिळाली. मंडपवाल्याचं बिल अडलं: दौरा झालाच नाही तर मंडप कुणासाठी, असा शेरा वरून आला. तेव्हा ती दोनशे पानी वही काढली, तारीख-वेळ-सहीची सतरा पानं झेरॉक्स करून जोडली, आणि ३१ मार्चच्या संध्याकाळी बिल निघालं.